राखण प्रत

नाक वेंगुर्ल्याला आलं ते एका बुधवारी, कुरिअरच्या गाडीतून, दोन माणसांनी धरलेल्या खोक्यात. त्याचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते खोक्यावर छापलंही होतं. पण राज्यभरातल्या ग्रंथालयांत सगळे त्याला नाकच म्हणत. सुबोध वाचनमंदिराच्या ग्रंथपाल वृषाली आचरेकर यांनी सही करून ते ताब्यात घेतलं आणि शिपाई बाबली परबांच्या मदतीने संदर्भ विभागातल्या लांब टेबलावर मांडलं. दिसायला ते घरातल्या मायक्रोवेव्हसारखं होतं. दार उघडायचं, पुस्तक आत ठेवायचं, दार लावायचं. तीन मिनिटांनी पडद्यावर एक आकडा यायचा.

पहिलं पुस्तक वृषालीने मुद्दाम चांगलं निवडलं. १९६१ सालचा जाडजूड शब्दकोश, कापडी बांधणीचा. आकडा आला : चौदा.

"चौदा काय ता?" बाबलीने विचारलं.

"वर्षं. चौदा वर्षांनी पान उलटायला गेलं की हातात तुकडा येईल."

बाबलीने नाकाकडे जरा संशयाने पाहिलं. "माका नको हां घालू तेच्यात," तो म्हणाला. त्याला निवृत्तीला चार वर्षं होती.

कागद मरताना वास सोडतो. जुन्या पुस्तकांचा तो गोडसर, किंचित आंबट वास, जो हुंगून वाचनवेडे डोळे मिटतात, तो कागदाच्या झिजण्याचा वास असतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात आम्ल असतं. ते आतल्या धाग्यांच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जातं आणि दर तुकड्यागणिक थोडी वाफ हवेत सुटते. कुठली वाफ किती सुटतेय हे मोजलं, की साखळ्या किती उरल्या याचा अंदाज बांधता येतो. पूर्वी हे कळायला पानाचा कोपरा तुटेपर्यंत दुमडून पाहावा लागे. म्हणजे पुस्तकाचं आयुष्य मोजायला पुस्तकालाच दुखवायचं. नाकाला हजारो पुस्तकांचे वास आणि त्यांच्या कागदाची ताकद शिकवून ठेवली होती. ते न दुखवता सांगायचं : एवढी वर्षं उरली.

आणि या आकड्यावर सगळी योजना उभी होती. राज्यात तीनशे बारा जुनी ग्रंथालयं, त्यांच्या कपाटांत बहुतेक तीच तीच पुस्तकं, जागा संपलेली, छपरं गळकी, माणसं दोन नाहीतर तीन. मग ठरलं, की सगळ्यांनी मिळून हा एकच संग्रह समजायचा. ज्या ग्रंथालयाकडची प्रत सर्वांत जास्त टिकेल, ते तिचं राखणदार. ती राखण प्रत. इतरांनी आपल्या प्रती मोकळ्या करायच्या. 'मोकळ्या' हा शासकीय शब्द. गाडी येई आणि पुस्तकं लगद्याच्या कारखान्यात जात. साधारणपणे प्रत्येक पुस्तकाच्या तीन राखण प्रती ठेवायच्या होत्या. पण एखाद्या प्रतीचा आकडा शंभराच्या वर असेल, तर ती एकटी पुरे.

हा नियम लिहिणाऱ्या समितीत रेवती बनसोडे होती. उदगीरच्या लोकजागर ग्रंथालयाची ग्रंथपाल आणि वृषालीची सव्वीस वर्षांची मैत्रीण. पुण्याला ग्रंथालयशास्त्र शिकताना दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. त्यानंतर एक समुद्रकाठी आणि दुसरी पार कर्नाटकच्या सीमेवर गेली, पण दर रविवारी सकाळी दहा वाजता रेवतीचा फोन यायचाच. समितीत बोलताना ती शुद्ध बोलायची. वृषालीशी बोलताना तिचं उदगीर लगेच बाहेर यायचं.

"काय करलालीस?" तिने त्या रविवारी विचारलं. "आलं का नाक?"

"आलंय. चौदाच्या वर चढत नाही कुणी."

"कोकणातली हवा गं ती. घाबरू नकोस. हे बघ, आपण इतकी वर्षं एकेकट्या मरत होतो. आता कमीत कमी एकमेकींच्या भरवशावर जगू."

वृषालीला ते वाक्य आवडलं होतं. तिने ते सूचनाफलकावरही लिहिलं.

तीन महिन्यांत अकरा हजार पुस्तकं नाकाखालून गेली. राखणदार ग्रंथालयाचा दर्जा हवा तर किमान दोन हजार राखण प्रती लागत. वृषालीच्या भरल्या एक हजार सहाशे चाळीस. दर्जा नाही मिळाला तर ग्रंथालयाचं 'सेवा केंद्र' होणार होतं : एक खिडकी, एक पडदा, मागणी नोंदवा आणि घरी जा. वाचनमंदिराचे अध्यक्ष नाडकर्णी वकील नगरपरिषदेतून थेट तिच्या टेबलाशी आले आणि उभ्यानेच बोलले.

"इमारत पर्यटन केंद्राला द्यायचा ठराव तयार आहे, वृषालीताई. सेवा केंद्राला एक खोली पुरते, असं म्हणतात. पुढच्या महिनाअखेरीस यादी बंद होते ना?"

"हो."

"मग बघा काय होतं ते," वकील म्हणाले. त्यांचाही आवाज पडला होता. त्यांच्या आजोबांनी या इमारतीला जांभा दगड दिला होता.

त्याच आठवड्यात ट्रंकेचं प्रकरण घडलं. मागच्या खोलीतल्या एका कपाटाला बुरशीचा वास येत होता म्हणून बाबलीने पुढाकार घेऊन त्यातली चाळीसएक पुस्तकं लोखंडी ट्रंकेत भरली होती आणि वास मारायला पाण्याच्या फिल्टरमधल्या बारीक कोळशाच्या पुरचुंड्या मध्ये मध्ये खोचल्या होत्या. तीन आठवड्यांनी ट्रंक उघडून वृषालीने पुस्तकं पुन्हा नाकात ठेवली. पूर्वी सतरा आकडा आलेल्या पुस्तकाला आता एकशे अठरा आला. बत्तीसवाल्याला एकशे तीस.

मग तिने ती पुस्तकं उघड्या फळीवर ठेवली आणि आठवड्याने पुन्हा मोजली. सतरा. बत्तीस.

काय झालं ते तिच्या लक्षात आलं. कोळशाने पानांतली साठलेली वाफ पिऊन टाकली होती. नाकाला वासच आला नाही, म्हणून त्याने कागद तरणा ठरवला. कागद होता तसाच होता. फक्त काही दिवस तो मुका झाला होता.

हे समितीला ताबडतोब कळवायला हवं होतं. वृषालीने पत्र लिहायला घेतलं, "प्रिय रेवती" इथपर्यंत. मग ती उठली आणि बाजारातून आणखी कोळसा घेऊन आली.

चारशे बारा पुस्तकं तिने निवडली. निवडताना तिने एक नियम स्वतःपुरता पाळला : जी इतरत्र फारशी नाहीत ती घ्यायची, कारण नेहमीच्या पुस्तकांत तिचा आकडा इतरांशी ताडून पाहिला गेला असता. दुर्मीळ प्रतींत विचारणारं कोणी नव्हतं. अकरा ट्रंका भरल्या. बाबलीला वाटलं, हे नवं औषध आहे. "बरा झाला," तो म्हणाला, "तेंकाय कायतरी औषधपाणी हवाच." तिने त्याला काही सांगितलं नाही.

यादी बंद झाली तेव्हा सुबोध वाचनमंदिराकडे दोन हजार बावन्न राखण प्रती होत्या.

*

रेवतीचा फोन त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आला, पण दहाला नव्हे, सकाळी आठलाच.

"वृषाली, इरबाजींच्या पुस्तिका तुझ्याकडे आहेत?"

शाहीर गणपत इरबाजी सोनकांबळे, ज्यांना सगळे इरबाजीच म्हणत, निजामाच्या राज्यात गावोगाव जलसे करत. वेठ, विहीर, शाळा यांवरची त्यांची एकवीस लांब गाणी एकवीस पातळ पुस्तिकांत छापली गेली होती, युद्धाच्या काळात, मिळेल त्या रद्दड कागदावर. पूर्ण संच राज्यात दोनच उरले होते. एक उदगीरला : तुकाराम सूर्यवंशी नावाच्या रेल्वेतल्या गँगमनने आयुष्यभर जपून रेवतीच्या ग्रंथालयाला दिलेला. दुसरा, कधीकाळी बदली होऊन वेंगुर्ल्याला आलेल्या एका पोस्टमास्तरने शिवून घेतलेला.

"आहेत," वृषाली म्हणाली. तिला त्या कुठल्या ट्रंकेत आहेत तेही आठवलं. सातव्या.

"माझ्या संचाला सेहेचाळीस वर्षं आलीत. तुझ्याला एकशे बारा. माझी प्रत जाणार मोकळ्या करायच्या यादीत. नियम मीच लिहिलाय. माझ्याच पुस्तकाला सूट मागितली तर उद्या तीनशे जण मागतील. पण सूर्यवंशींचा मुलगा काल येऊन बसला होता. त्याला मी काय सांगू? वेंगुर्ल्याच्या दमट हवेत एकशे बारा? तुला पटतंय का?"

"आम्ही नीट ठेवलं होतं. पत्र्याच्या पेटीत."

"खात्रीनं सांग गं. मी सोडू का?"

वृषालीने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात नर्सिंग कॉलेजच्या मुली दार उघडायची वाट बघत पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्या सगळ्या खोलीवर चौघी-पाचजणी राहणाऱ्या, अभ्यासाला दुसरी जागा नसलेल्या. एका संचावर शंका घेतली की फेरतपासणी. फेरतपासणी म्हणजे चारशे बारा. आणि पुढच्या वर्षी स्कॅनिंग सुरू होणारच होतं. राखण प्रतींचं पान न् पान उतरवून घेणार होते. एकदा चित्र उतरलं की कागद राहिला काय आणि गेला काय, असं तिने स्वतःला समजावलं होतं, आणि त्या क्षणी ते तिला खरंही वाटलं.

"सोड," ती म्हणाली.

"नक्की?"

"अगं, नक्की."

"तू म्हणतेस तर झालं," रेवती म्हणाली.

*

स्कॅनिंगचं परिपत्रक अकरा महिन्यांनी आलं. यंत्रं थोडी आणि पुस्तकं नऊ लाख. म्हणून क्रम ठरवला होता. ज्यांची वर्षं सर्वांत कमी, त्यांना आधी. ज्यांची शंभराच्या वर, त्यांची घाई नव्हती. त्यांची पाळी २०५१ नंतर.

वृषालीने परिपत्रक दोनदा वाचलं. तिच्याच आकड्याने ती चारशे बारा पुस्तकं रांगेच्या पार शेवटी नेऊन उभी केली होती. अजूनही सांगता आलं असतं. 'आमच्याकडील काही प्रतींच्या फेरतपासणीची विनंती' असा विषय घालून तिने मेल लिहिली, दोन दिवस तशीच ठेवली आणि काढून टाकली. कारण फेरतपासणीला रेवतीच आली असती.

पुढे ते सोपं होत गेलं. वाचनमंदिर जगलं. छप्पर नवं झालं, अभ्यासिकेत चाळीसच्या जागी नव्वद खुर्च्या आल्या. त्या मुलींपैकी दोघी जिल्हा रुग्णालयात लागल्या आणि पेढे घेऊन आल्या. बाबली निवृत्त झाला, पण रोज सकाळी पेपर वाचायला येतच राहिला. रविवारचे फोन चालू राहिले. फक्त रेवतीने कधी राखण प्रतींचा विषय काढला, की वृषालीला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवे.

सातव्या वर्षी, फेब्रुवारीत, रेवती म्हणाली, "मी येलाले तुझ्याकडं."

"अचानक?"

"इरबाजींची मुलगी आहे, पारूबाई. चौऱ्याऐंशी वर्षांची. घराला आग लागली तेव्हा ही पाच वर्षांची होती. वडिलांचं एक अक्षर घरात उरलं नाही. वडिलांची गाणी एकदा सगळी ऐकायचीत म्हणते. विद्यापीठाच्या लोककला विभागाची पोरं बसवायला तयार आहेत. मे महिन्यात कार्यक्रम. स्कॅनची पाळी यायला अजून आठ वर्षं, तोवर ती बाई थांबणार आहे का? मीच येते, फोटो काढून नेते."

"मी काढून पाठवते की."

"एकवीस पुस्तिका तू एकटी कुठं काढत बसशील? आणि तुला बघूनही चार वर्षं झाली."

तिच्या येण्याला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत वृषाली रोज मागच्या खोलीपर्यंत गेली. सातवी ट्रंक उघडायचं धाडस तिला झालं नाही.

*

रेवती सकाळच्या गाडीने कुडाळला उतरली आणि तिथून एसटीने आली. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वृषालीसाठी एक इरकल साडी. वाचनमंदिरात शिरल्याबरोबर ती नव्वद खुर्च्यांकडे बघून थबकली.

"केवढं केलंस गं," ती म्हणाली. "मी समितीत नेहमी तुझं उदाहरण देते. म्हणते, दोन हजार बावन्न, कोकणात राहून!"

"चहा घे आधी."

"चहा नंतर. आधी शाहीर."

मागच्या खोलीत दोघींनी ट्रंक ओढून उजेडात आणली. कडी काढताच आंबट भपकारा आला, व्हिनेगरसारखा. कोळशाच्या पुरचुंड्या वृषालीने यादी बंद झाल्यावर केव्हाच काढून टाकल्या होत्या. त्यानंतर सात पावसाळे त्या पेटीतल्या पेटीत वाफ कोंडत राहिली होती, आणि कोंडलेलं आम्ल कागद दुपटीने खातं, हे दोघींनी पुण्यात एकाच बाकावर बसून शिकलेलं होतं.

रेवतीने हातमोजे चढवले. पोस्टमास्तरने शिवलेला गठ्ठा तिने तळव्यांवर उचलला आणि टेबलावर ठेवला. मुखपृष्ठ तपकिरी पडलं होतं. तिने अंगठ्याने कड उचलली. कड अंगठ्याबरोबर आली, पान आलं नाही. तिने बांबूची पातळ पट्टी मागितली. पट्टी आत सारली तेव्हा पापड मोडावा तसा बारीक आवाज झाला आणि पहिली पाचसहा पानं एकदम चार तुकड्यांत सरकली. एका तुकड्यावर वाचता आलं : 'पाटी दे माय, पेन्सिल दे', आणि त्याच्या खालची ओळ भुगा होऊन शिवणीत पडली होती.

रेवतीने पट्टी खाली ठेवली.

"नाक चुकलं," ती म्हणाली. "समितीतले तिघे म्हणत होते, अजून दोन वर्षं चाचण्या घ्या, दमट हवेतल्या घ्या. मी भांडले त्यांच्याशी. जागा नाही, वेळ नाही म्हणून भांडले. वृषाली, हे मी केलंय."

तिथेच ती थांबली असती तर कदाचित वृषालीही गप्प राहिली असती. पण रेवतीने पिशवीतून फोन काढला. "समितीच्या सचिवांना आत्ताच कळवते. राजीनामा लिहून देते. सूर्यवंशींच्या मुलाकडे पण जायला पाहिजे."

"नाक चुकलं नाही," वृषाली म्हणाली.

"म्हणजे?"

तिने सांगितलं. कोळसा, ट्रंका, सतरा आणि एकशे अठरा. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. रेवती ऐकत होती आणि हातमोज्याचं एकेक बोट सोडवत होती.

"मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी दोनदा विचारलं."

"हो. मला वाटलं, वर्षभरात स्कॅन होईल. मग क्रम बदलला."

"क्रम मीच लावला," रेवती म्हणाली. "तुझ्या आकड्यांवर." तिचा आवाज चढला नव्हता. "सूर्यवंशींचा मुलगा नाही म्हणत होता. त्याला मी तुझं नाव सांगितलं. म्हटलं, माझ्या बहिणीसारखी आहे, तिच्याकडे आहेत म्हणजे घरातच आहेत समज. एकवीसच्या एकवीस मी माझ्या हातानं गाडीत ठेवल्या. गाडीवाल्याला म्हटलं, नीट ने. लगद्याला नेत होता तो, आणि मी म्हटलं, नीट ने."

वृषाली रडायला लागली. रेवतीने तिच्याकडे पाहिलं, पण जागची हलली नाही.

"किती पुस्तकं?"

"चारशे बारा."

"दुसरीकडच्या प्रती?"

"बहुतेकांच्या मोकळ्या झाल्या." मग ती घाईने म्हणाली, "मी लिहून देते, रेवती. सगळं कबूल करते. काय व्हायचं ते होऊ दे माझं."

"तुझं होईल. तू मोकळी होशील." रेवतीने तोच शासकीय शब्द वापरला आणि तिचं तिलाच ते जाणवलं. "आणि उद्यापासून? तीनशे बारा ग्रंथालयं विचारतील, दुसऱ्याच्या आकड्यावर आपली प्रत का सोडायची. ज्यांनी सोडल्यात ते कोर्टात जातील. बाकीचे कपाटांना कुलपं लावतील. योजना बंद, स्कॅनिंग बंद. नऊ लाखांतली दीड लाख उतरवून झालीत आत्ता. उरलेली साडेसात लाख पुन्हा गळक्या छपराखाली. तुला बरं वाटावं म्हणून?"

"मग मी काय करू?"

"जे उरलंय ते उचल. चारशे बारा. रोज, स्वतःच्या हातानं, तुकडा न् तुकडा. फोटो काढ, जोड, नोंद कर. कारण विचारलं तर म्हण, ट्रंकांत ओल शिरली. आणि खरं कुणाला सांगू नकोस." ती उठली. "मीही नाही सांगणार. सात वर्षं तू एकटीने लपवलंस, आता दोघींनी लपवायचं."

"जेवून जा. गाडीला वेळ आहे."

रेवती दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "रविवारी मी फोन करणार नाही."

स्टँडवर तिला बाबलीने पाहिलं. बाबली नंतर वृषालीला म्हणाला, "तुमची मैत्रीण उन्हात उभी होती तासभर. मी म्हटलंय, सावलेत या. आयकूकच नाय तेंनी."

*

वृषाली दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कामाला बसली. तोंडाला फडकं, हातात बांबूची पट्टी, वर टांगलेला कॅमेरा. एक पुस्तिका उतरवायला तीन-चार दिवस लागत. तुकडा काचेवर ठेवायचा, फोटो काढायचा, पालथा करायचा. पालथा करताना निम्मे तुकडे आणखी फुटत. जोराचा श्वास सोडला तरी अक्षरं उडत. नाडकर्णी वकिलांनी एकदा डोकावून विचारलं, "एवढी नेटाने कसली साफसफाई काढलीत?" तेव्हा तिने ओलीचं कारण सांगितलं. त्यांनी वाचनमंदिराच्या कार्यकारिणीच्या बैठकीत तिच्या निष्ठेबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडला आणि तो एकमताने संमत झाला.

एकवीस पुस्तिकांपैकी सहा गाणी पुरी मिळाली. नऊ अर्धीमुर्धी. सहांचा नुसता भुगा होता.

एप्रिलच्या शेवटी, एका मंगळवारी, कचेरीच्या वेळात तिने उदगीरला फोन लावला.

"रेवती, सहा पूर्ण मिळालीत. तुला पाठवते. कार्यक्रमाला होतील."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज झाला.

"राखण विभागाच्या पत्त्यावर पाठवा," रेवती म्हणाली. "सोबत तुकड्यांच्या क्रमांकांची यादी जोडा. आणि तुम्ही फोन करायची गरज नाही, मेल केली तरी चालेल."

"रेवती, अगं..."

"अजून काही होतं का आपलं?"

"नाही," वृषाली म्हणाली.

मेमधला कार्यक्रम उदगीरहून थेट दाखवला जात होता. वृषालीने तो वाचनमंदिरातल्या आपल्या टेबलावर, दुपारी, आवाज बारीक करून पाहिला. विद्यापीठाच्या मुलांनी सहा गाणी म्हटली, चांगली म्हटली. मग पारूबाईंना खुर्चीसकट पुढे आणलं. हिरवं लुगडं, जाड चष्मा, मान जराशी हलणारी. रेवती शेजारी उभी राहिली आणि तिने माईक त्यांच्या तोंडापाशी धरला.

"माजा बाप हे म्हनायचा," पारूबाई म्हणाल्या आणि गाऊ लागल्या. आवाज फुटका होता, पण चाल पक्की होती.

"पाटी दे माय, पेन्सिल दे,
मी शाळंच्या दारी जाईन गं,
चावडीवरचा कागद त्यो
मी भर गावात वाचीन गं."

वृषालीने झटकन कागद ओढला आणि ओळी उतरवून घेतल्या. तिच्याकडच्या तुकड्यांत यातली पहिलीच ओळ होती. पुढची कडवी येतील म्हणून ती पेन धरून थांबली. पारूबाईही थांबल्या. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

मग त्या हसल्या. तोंडात दोन-तीनच दात होते.

"पुढलं मला येत न्हाई," त्या माईकमध्ये म्हणाल्या. "पर काय काळजी न्हाई. समदं बुकात हाय. तिकडं समुद्राकडं एक लायब्री हाय, तितं जपून ठिवलंय, शंभर वरसं टिकतंय म्हनं. ह्या बाईनंच सांगितलंय मला मागं."

सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. पुढच्या रांगेतली माणसं उभी राहिली, मागची त्यांना बघून उभी राहिली. रेवतीच्या हातात माईक होता, त्यामुळे तिला टाळ्या वाजवाव्या लागल्या नाहीत.